डोळ्यात पेशी दिसतायत पण रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग इम्युनिटी वाढवायची की दाबायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३४, दीड वर्षात तिसऱ्यांदा आयरायटिस (आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची सूज), आधी उजवा डोळा मग डावा आणि आता परत उजवा. एचएलए-बी२७ (वारशाने येणारं एक जीन) पॉझिटिव्ह. रिपोर्टवर 'सेल्स २+, फ्लेअर १+' लिहिलंय पण सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) एकदम नॉर्मल. डॉक्टर स्टिरॉइडचे थेंब देतात आणि असंच चालू राहिलं तर मेथोट्रेक्सेट या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधाचा विचार करू म्हणतात. घरचे म्हणतात इम्युनिटी कमी झालीये म्हणून सारखं होतंय, वाढवायचं काहीतरी घे. आणि तुम्ही विचारताय की डॉक्टर दाबायला सांगतात, घरचे वाढवायला, ऐकू कोणाचं.

मी बरीच वर्षं युव्हायटिसचेच (डोळ्याच्या आतली सूज, आयरायटिस हा त्यातलाच प्रकार) पेशंट बघते आणि हा प्रश्न ओपीडीत सतत येतो. मुळात 'कमी' आणि 'जास्त' या मापात हा आजार बसतच नाही. डोळ्यात आलेल्या पेशी कशाच्या मागावर आल्यात आणि काम संपलं तरी निघून का जात नाहीयेत, हे बघावं लागतं. दोन जणांच्या डोळ्यात अगदी सारख्याच २+ पेशी असतील पण कारण वेगळं असेल तर तेच औषध एकाचा डोळा वाचवतं आणि दुसऱ्याचा घालवतं. तुमचा डोळा मी तपासलेला नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्ही दिलेल्या माहितीवरच आहे हे धरून वाचा.

आधी ते २+ काय प्रकरण आहे ते. डोळ्याच्या पुढच्या भागात, कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आणि आयरिसच्या मधे, जे पाणी असतं ते नॉर्मली इतकं स्वच्छ असतं की त्यात पेशी जवळजवळ दिसतच नाहीत. आम्ही खोली अंधारी करून स्लिट लॅम्पची (डोळे तपासायचा सूक्ष्मदर्शक) १ मिमी बाय १ मिमीची प्रकाशाची तिरीप त्या पाण्यातून सोडतो आणि तिच्यात तरंगणारे ठिपके मोजतो, उन्हाच्या कवडशात धूळ दिसते ना तसंच. ६ ते १५ दिसल्या तर १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, त्याच्या वर ४+. ही मोजपट्टी २००५ पासून जगभर तशीच वापरतात. म्हणजे तुमच्या २+ चा अर्थ त्या तिरपेत वीसेक पेशी. आता रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४००० ते ११००० पांढऱ्या पेशी असतात, त्यातून डोळ्याकडे एवढ्याशा वळल्या तर सीबीसीला पत्ताही लागणार नाही. म्हणून सीबीसी नॉर्मल आहे यात विरोधाभास काहीच नाही, ती टेस्ट या प्रश्नासाठी नाहीच. उलट कधी स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायची वेळ आली तर सीबीसीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतील, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) स्टिरॉइडमुळे सुटून प्रवाहात येतात. तेव्हा लगेच घाबरू नका पण ताप वगैरे असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ते ठिपके नुसते तरंगत नसतात बरं का, वर खाली फिरत असतात. आयरिस उबदार आणि कॉर्निया त्यामानाने थंड, त्यामुळे पाणी आयरिसजवळ वर चढतं आणि कॉर्नियाजवळ खाली उतरतं. म्हणूनच पेशींचे गठ्ठे कॉर्नियाच्या आतल्या बाजूला खालच्या अर्ध्या भागात जास्त चिकटलेले सापडतात, त्यांना आम्ही केपी म्हणतो. शिकाऊ डॉक्टरांना मी नेहमी सांगते की थेंब घालून बाहुली मोठी करायच्या आधी पेशी मोजा, कारण बाहुली मोठी होताना आयरिसचा रंग सुटून पाण्यात येतो आणि ते कणही पेशींसारखेच दिसतात.

फ्लेअर म्हणजे पेशी नाहीत, ते रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं प्रोटीन, त्याने पाणी धुरकट दिसतं. हे वेगळं सांगते कारण पुष्कळ वेळा सूज आल्यावर वाहिन्यांचं अस्तर कायमचं थोडं गळकं होतं, मग पेशी शून्य झाल्या तरी थोडी फ्लेअर उरतेच. अशा वेळी आम्ही पेशींकडे बघून औषध ठरवतो. फ्लेअर जात नाही म्हणून स्टिरॉइड ओढत राहिलं तर हाती मोतीबिंदू येतो, दुसरं काही नाही.

आता मुख्य मुद्दा. शरीराच्या बाकी भागात इम्युनिटी मोकाट फिरते पण डोळ्यात तिला मुद्दाम आवर घातलेला असतो. पीटर मेदावरनी १९४८ मध्ये दाखवलं होतं की सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या सशाची त्वचा ठेवली तर, तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तोवर, ती टिकून राहू शकते, जी अंगावर लावली असती तर शरीराने टाकून दिली असती. कारण उघड आहे, रेटिनातल्या (डोळ्याचा मागचा पडदा) नसांच्या पेशी किंवा कॉर्नियाच्या आतलं अस्तर एकदा मेलं की परत तयार होत नाही, तिथे पेशींची मारामारी परवडणारी नाही. म्हणून रेटिनाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एकदम घट्ट, डोळ्यातल्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखी पेशींना शांत ठेवणारी द्रव्यं, आणि रेग्युलेटरी टी सेल नावाचे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) बाकीच्यांना आवरायला.

पण या बंदोबस्ताची दुसरी बाजू आहे. टी सेल लहानपणी थायमसमध्ये तयार होतात आणि जे स्वतःच्याच शरीरावर उठतील असे तिथेच बाद केले जातात. त्यासाठी थायमसला शरीरातली प्रोटीन्स त्यांना 'दाखवावी' लागतात, आणि हे काम एअर नावाचं जीन करतं. उंदरांमध्ये हे जीन बंद केलं की त्यांना रेटिनाच्या प्रोटीनविरुद्ध युव्हायटिस होतो, म्हणजे नापास व्हायला हवे होते ते टी सेल पास होऊन बाहेर पडले. माणसांमध्येही असे थोडे टी सेल सगळ्यांच्याच रक्तात फिरत असतात, माझ्याही आणि तुमच्याही. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही कारण ते झोपलेले असतात, आणि झोपलेल्या टी सेलला डोळ्याचा दरवाजा सहसा उघडत नाही.

गडबड होते ती असा सेल डोळ्याच्या बाहेर कुठेतरी जागा झाला तर. जागा झालेला टी सेल घट्ट भिंतीतूनही आत शिरू शकतो. २०१५ मध्ये उंदरांवरच्या एका कामात दिसलं की रेटिनाला ओळखणारे टी सेल आतड्यातल्या जंतूंमुळे जागे होत होते, आणि अँटिबायोटिक देऊन ते जंतू कमी केले की डोळ्याचा आजारही कमी झाला. म्हणून उद्या अँटिबायोटिक घेऊ नका, ते उंदीर मुद्दाम तशा टी सेलनिशी तयार केलेले होते. पण त्यातून एक गोष्ट पटते की डोळ्यातली सूज ही डोळ्यात सुरू झालेली असेलच असं नाही. तुमच्यात बी२७ आहे, आणि त्याचं आतडं, मणके, डोळा यांच्याशी नातं आहे हे पक्कं. ते नेमकं काय घडवतं यावर अजून एकमत नाही, आणि बी२७ असलेल्या बहुतेकांना कधीच काही होत नाही हेही तितकंच खरं.

आत शिरल्यावर काय होतं ते ऐका, कारण लोकांना वाटतं डोळ्यात दिसणाऱ्या सगळ्याच पेशी 'बिघडलेल्या' असतात. तसं नसतं. प्राण्यांच्या मॉडेलमध्ये दिसतं की आधी शिरणारे, डोळ्याच्या प्रोटीनला खरोखर ओळखणारे टी सेल अगदी मूठभर असतात. ते इंटरफेरॉन-गॅमा, आयएल-१७ अशी सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना हाक देणारी द्रव्यं, सोडतात, त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि मग मागून न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), इतर लिम्फोसाइट यांचं अख्खं वऱ्हाड आत येतं, ज्यांना डोळ्याशी काही देणंघेणं नाही, हाक ऐकली म्हणून आलेले. नासधूस मुख्यतः हेच करतात. प्रोटीन गोठून बाहुलीची कड मागच्या लेन्सला चिकटते, पाणी बाहेर जायची जाळी तुंबून डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि मागे रेटिनाच्या मध्यभागी पाणी साचून नजर अंधूक होते.

कुठल्या पेशी जास्त आहेत याचा अंदाज स्लिट लॅम्पवरच बराचसा येतो. खाली पांढरा पू साचल्यासारखा थर दिसला तर ते बहुतेक न्यूट्रोफिल, बी२७ आणि बेशेट (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) या दोन्हींत असं होतं, फरक इतका की बी२७ मधला थर चिकट असतो आणि बेशेटमधला डोकं कलवलं की सरकतो. बारीक रांगोळीसारखे केपी दिसले तर ते जास्त करून लिम्फोसाइट वगैरे. मोठे, मेणचट, तुपाच्या थेंबासारखे केपी असतील तर ते मॅक्रोफेजचे गठ्ठे, आणि तिथे मी सारकॉइड, टीबी, सिफिलिस, व्हीकेएच अशी आजारांची यादी डोक्यात धरूनच पुढे जाते. यावरून निदान ठरत नाही, कारण तोच आजार पुढे रूप बदलतो आणि आधीच स्टिरॉइड घेतलं असेल तर चित्र पुसट झालेलं असतं. पण पुढच्या टेस्ट कुठल्या हे ठरवायला त्याची मदत होते.

थोडक्यात इथपर्यंत असं, की तुमची इम्युनिटी कमीही नाही आणि सरसकट जास्तही नाही, थोड्या टी सेलची ओळख चुकलीये आणि त्यांच्या हाकेला बाकीची यंत्रणा इमानदारीत धावून येतेय.

पण एक मोठा 'पण' आहे. हे सगळं इन्फेक्शन नसेल तर. हर्पिस, टॉक्सोप्लाझ्मा, टीबी, सिफिलिस यांच्यातही डोळ्यात अशाच पेशी दिसतात, आणि तिथे त्या योग्य कामासाठीच आलेल्या असतात. तिथे नुसतं स्टिरॉइड दिलं की पहिले काही दिवस डोळा छान पांढरा होतो, पेशंट खूश, आणि मागे जंतू रेटिना खात सुटतो. म्हणून सूज आली की मी आधी प्रेशर बघते, कारण हर्पिसमध्ये ते बऱ्याचदा वाढलेलं असतं, आयरिसचा एखादा तुकडा फिका पडलाय का ते बघते, कॉर्नियाची संवेदना बघते, आणि पुढच्या भागातच सूज आहे असं वाटलं तरी बाहुली मोठी करून मागचा रेटिना बघितल्याशिवाय पेशंटला सोडत नाही. सिफिलिसची टेस्ट आणि छातीचा एक्सरे मी जवळजवळ सगळ्यांना सांगते, लोक सिफिलिसचं नाव ऐकून दुखावतात, पण हा आजार कुठल्याही युव्हायटिसची नक्कल करतो आणि औषधाने बरा होतो, मग विचारायला लाजायचं कशाला. आणि वय साठीच्या आसपास, पहिल्यांदाच युव्हायटिस, डोळ्याच्या मागच्या भागातल्या जेलीत पेशींचे थर, स्टिरॉइडला धड दाद नाही असं असेल तर त्या पेशी लिम्फोमाच्या कॅन्सरच्याही असू शकतात. तुमच्या वयात आणि आलटून पालटून दोन डोळ्यांत येणाऱ्या बी२७ च्या चित्रात ही शक्यता फार मागे पडते, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

आता थेंबांकडे. तुम्ही लिहिलंय की लाली चार दिवसांत जाते तरी सहा आठवडे थेंब कशाला. स्टिरॉइड पेशीच्या आत शिरून सायटोकाइन बनवणारी जीन्स बंद करतं, त्यामुळे मागून येणारी गर्दी पटकन थांबते आणि लाली, दुखणं लगेच कमी होतं. पण आत आलेल्या पेशी निघून जायला किंवा मरायला वेळ लागतो, आणि शिवाय काही मेमरी टी सेल डोळ्यातच मुक्काम ठोकतात असं प्राण्यांमध्ये दिसलंय. मधेच थेंब बंद केले की हाक परत सुरू. म्हणून तासातासाला, मग दिवसातून सहा वेळा, चार वेळा असं उतरवत जायचं, आणि प्रत्येक पायरी पेशी मोजून. बाहेरून डोळा पांढरा दिसणं हा निकष नाही. लहान मुलांच्या संधिवाताबरोबर येणाऱ्या युव्हायटिसमध्ये तर डोळा सहसा लाल होत नाही, दुखत नाही, आणि आत पेशी खुशाल बसलेल्या असतात, म्हणून त्या मुलांना तक्रार नसतानाही ठरावीक काळाने तपासावं लागतं. बाहुली मोठी करणारे थेंबही चुकवू नका, नजर धूसर होते म्हणून लोक तेच आधी सोडतात, पण बाहुली चिकटू नये यासाठी ते आहेत. आणि थेंब चालू असताना प्रेशर तपासून घ्या, साधारण तीनात एका माणसाचं स्टिरॉइडने कमी जास्त वाढतं.

मेथोट्रेक्सेट लागेल का? इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. दोन अटॅकच्या मधे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ थेंबांशिवाय डोळा पूर्ण शांत राहत असेल तर तो वारंवार येणारा प्रकार, आणि थेंब बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत परत येत असेल तर तो क्रॉनिक. तुमच्या वर्णनावरून पहिला वाटतोय. दीड वर्षात तीन, दर वेळी थेंबांनी पूर्ण बरा, नजर शाबूत, तर मी लगेच गोळ्यांवर जाणार नाही, दर अटॅकला लवकर आणि जोरात थेंब द्यायचे हेच धरून बसेन. वर्षाला तीन किंवा जास्त व्हायला लागले, रेटिनाच्या मध्यावर सूज आली, किंवा थेंब सुटतच नाहीत असं झालं तर मग सल्फासालाझिन किंवा मेथोट्रेक्सेटचा विषय. तुमच्या डॉक्टरांनीही 'असंच चालू राहिलं तर' म्हटलंय, ते मला बरोबर वाटतं. मेथोट्रेक्सेट हे सगळ्याच पेशी मारणारं विष नाही, युव्हायटिसचा डोस कॅन्सरच्या डोसपेक्षा फारच कमी असतो, पण परिणाम दिसायला दोन तीन महिने लागतात आणि लिव्हर, सीबीसी तपासत राहावं लागतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत, त्यामुळे वार ठरवून कागदावर लिहून ठेवा. मूल होण्याचा विचार असेल तर सुरू करण्याआधी बोला.

त्यापुढे टीएनएफ हे सायटोकाइन अडवणारी इंजेक्शनं येतात. त्यातल्या अडालिमुमॅबला २०१६ मध्ये अमेरिकेत डोळ्याच्या मधल्या आणि मागच्या भागातल्या, इन्फेक्शन नसलेल्या युव्हायटिससाठी मंजुरी मिळाली. ही द्यायच्या आधी टीबीची टेस्ट करतात त्याचं कारणही पेशींमध्येच आहे, फुप्फुसात झोपलेल्या टीबीच्या जंतूभोवती मॅक्रोफेजनी जी भिंत बांधलेली असते ती टीएनएफच्या जोरावर उभी असते, टीएनएफ काढून घेतला की भिंत ढासळते. हिपॅटायटिस बी साठीही तपासतात. मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर हे औषध टाळतात.

आणि हे तुमच्यासाठी खास, कारण बी२७ वाल्यांचं पुढे पाठीचं दुखणं निघू शकतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी पाठ आखडलेली, हालचाल केल्यावर बरं, विश्रांतीने उलट वाईट, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि डोळ्याचा इतिहास त्यांना नक्की सांगा. कारण पाठीसाठी चालणारं प्रत्येक औषध डोळ्याला चालत नाही. एटानरसेप्टही टीएनएफच अडवतं पण युव्हायटिस रोखण्यात ते अडालिमुमॅबच्या मागे पडतं. सेक्युकिनुमॅब आयएल-१७ अडवतं, पाठीसाठी चांगलं आहे, आणि उंदरांतलं काम बघता डोळ्यालाही चालायला हवं होतं, पण २०१३ मध्ये आलेल्या युव्हायटिसच्या तीन ट्रायलमध्ये ते मुख्य कसोटीवर उतरलं नाही. एका सायटोकाइनचं नाव सापडलं म्हणजे कुलूप उघडलं असं होत नाही, हे आमच्या क्षेत्राने तिथे चांगलंच शिकलं.

राहिलं इम्युनिटी वाढवायचं. जी पावडर किंवा काढा खरोखर काहीच करत नाही त्याने पैसे जातील इतकंच. पण जी खरोखर पेशींना चेतवते ती नेमक्या कुठल्या टी सेलला चेतवेल हे कोण सांगणार? आणि पुढे मेथोट्रेक्सेट सुरू झालंच तर त्याच्या जोडीला लिव्हरवर ताण टाकणारं, घटक न लिहिलेलं काही मी तरी चालू देणार नाही. झोप, व्यायाम, नीट जेवण याला कोणाचीच ना नाही, आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडाच, धूम्रपान करणाऱ्यांत युव्हायटिसचं प्रमाण जास्त आणि त्रासही जास्त दिसतो. लसी घ्यायच्या राहिल्या असतील तर मेथोट्रेक्सेटच्या आधी डॉक्टरांना विचारून उरका, कारण नंतर जिवंत जंतूंच्या लसी सहसा देत नाहीत.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एवढं विचारा: दोन अटॅकच्या मधे माझ्या पेशी खरंच शून्य होत्या का, रेटिनाचा ओसीटी (पडद्याचा स्कॅन) केला का आणि त्यात सूज आहे का, हर्पिस आणि सिफिलिस वगळलंय का, थेंबांवर प्रेशर किती राहिलं. आणि चौथ्यांदा डोळा दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर झालं तर घरात उरलेली स्टिरॉइडची बाटली स्वतःहून सुरू करू नका, त्याच दिवशी स्लिट लॅम्पवर दाखवा. आधीचे तिन्ही बी२७ चे होते म्हणून चौथा हर्पिसचा नसेलच असं कोणी सांगू शकत नाही.